रेडिओतली ठमी आणि घरातली बाई

आमच्या रेडिओ स्टेशनवर तिला सगळे भोंगा म्हणतात. नाव मीच ठेवलं. चणीनं एवढीशी, तिच्यासाठी माइकचा स्टँड दरवेळी पार खाली उतरवावा लागतो, पण पॅसेजमध्ये उभी राहून कुणाला हाक मारली की वरच्या मजल्यावरचा हिशेबनीससुद्धा "काय झालं, काय झालं" करत जिन्यात येतो. माइकसमोर मात्र तोच आवाज इतका जवळ येतो की वाटावं, बाई आपल्या शेजारी येऊन बसलीय आणि जे सांगायचंय ते फक्त आपल्यालाच सांगतेय.

तिचं काम प्रोमोचं. म्हणजे दोन गाण्यांच्या मधे जी बाई येते, दुपारी काय लागणार, संध्याकाळी कोण येणार ते सांगते आणि "ऐकत राहा" म्हणून जाते, ती ही. प्रोमो मी लिहिते आणि काचेच्या अलीकडे बसून तिच्याकडून बोलवून घेते. लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं, दोन वाक्यं तर बोलायची. असं म्हणणाऱ्यांना धरून आत उभं करावं असं मला फार वाटतं. "ऐकत राहा" जरा गोड झालं की साबण विकल्यासारखं वाटतं, जरा कोरडं झालं की हुकूम होतो, आणि मधलं जे काही असतं ते सापडेपर्यंत जेवणाची वेळ टळून जाते. तिला ते सापडतं. तोंडात चिकट आवाज येऊ नये म्हणून हिरवं सफरचंद चावते, एका कानावरचा हेडफोन मागे सरकवते आणि सुरू करते.

आणि तिला समोर स्टूल लागतं. या धंद्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, हजारो लोकांशी बोलू नकोस, एका माणसाशी बोल. कुणी नवऱ्याचा फोटो समोर ठेवतं, कुणी मैत्रिणीला आठवतं. हिनं घरून एक बसकं लाकडी स्टूल आणलं आणि माइकच्या पलीकडे ठेवलं. त्यावर कुणी बसायचं नाही. एकदा मी माझी पर्स ठेवली, तर वाक्य अर्धवट सोडून आली, पर्स उचलून माझ्या हातात दिली आणि चकार शब्द न बोलता परत गेली.

पहिल्या पहिल्यांदा मला ते विचित्रच वाटायचं. काचेतून पाहावं तर ही रिकाम्या स्टुलाशी हसतेय, भुवया उडवतेय, मधेच थांबतेय, जसं काही समोरून उत्तर यायचंय. बरं, जिथं माणसाचा चेहरा असावा तिथंही बघायची नाही. बघायची खाली, स्टुलाच्या पुढ्यात, फरशीकडे. तिथं फरशीशिवाय काही नव्हतं, मी स्वतः वाकून पाहिलंय. बोलता बोलता एकदम मान हलवायची आणि म्हणायची, "हा घे." तोच टेक, म्हणजे त्या वेळचं रेकॉर्डिंग, बरोबर निघायचा. कोण बसतं गं तिथं, म्हणून मी कितीदा विचारलं. "आहे एक गिऱ्हाईक," म्हणायची आणि विषय संपवायची.

तिनं लग्न केलं नाही. घरात आई आणि ती. वडील ती लहान असतानाच गेले, आईनं शिवणकाम करून घर ओढलं. आईचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललंय हेही मला माहीत होतं. आधी चष्मा फ्रीजमध्ये सापडला, मग गॅस तसाच चालू, मग आज वार कोणता ते कळेना. पुष्कळ घरांत होतं हे. पण एका सकाळी ती आली आणि सफरचंद न चावता नुसतं हातात धरून उभी राहिली. आईनं त्या दिवशी तिला विचारलं होतं, "अहो बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

मी म्हटलं, वय झालं की विसरतात माणसं, मनाला लावून घेऊ नकोस. तर म्हणाली, तसं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. आई लेकीला विसरलीच नव्हती. लेक तिला चांगली आठवत होती, तिचा आवाज आला की ओळखत होती, तिच्याशी दिवसातून चार वेळा बोलतही होती. फक्त लेक रेडिओत होती. नोकरीवर गेलेली, येईलच इतक्यात. आणि तेवढ्यात घरात ही कोण जाणे कुठली बाई शिरली होती, जी लेकीच्या पलंगावर झोपत होती.

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तिच्या आला की नाही ते कळलं नाही, कारण ती माइकसमोर गेली आणि संध्याकाळच्या बातम्यांचा प्रोमो पहिल्याच फटक्यात वाचून मोकळी झाली.

थोड्याच दिवसांत प्रकरण जेवणावर आलं. परक्या बाईच्या हातचं आपण खात नाही, असं आईनं ठरवलं. आधी कुरकुरत दोन घास तरी घ्यायची, मग ओठ घट्ट मिटायला लागली. दिवसभरासाठी एक नर्स ठेवून पाहिली, पण तिलाही त्या बाईनंच आणलेलं, म्हणजे ती सामीलच. हातात वाटी दिली तर आई ती खिडकीतून ओतून द्यायची. डॉक्टरांनी आईचं वजन केलं आणि भोंग्याला बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं: असंच चाललं तर दवाखान्यात न्यावं लागेल, नाकातून नळी घालावी लागेल, आणि असे पेशंट नळी उपटतात म्हणून हात पलंगाला बांधून ठेवावे लागतील.

"नळीचं मी सहन करीन गं," ती मला म्हणाली. "पण आईचे हात बांधलेले मला बघवणार नाहीत. त्या हातांनी अख्ख्या गल्लीचे कपडे शिवलेत."

म्हणून मी तिच्या घरी गेले. भर दुपार होती. खोलीत ऊन पार पलंगापर्यंत आलं होतं, सगळं लख्ख, सगळं जागच्या जागी. खिडकीशी आई खुर्चीत बसली होती, खिडकीच्या कट्ट्यावर रेडिओ, त्यात गाणं चाललेलं. मला पाहिल्याबरोबर चेहरा खुलला. "तू ठमीच्या ऑफिसातली ना? ये, बैस." एकदाच कधीतरी भेटलो होतो, तरी मला ओळखलं. भोंग्याचं घरातलं नाव ठमी आहे, हेही मला तेव्हाच कळलं. दुसरी वेळ असती तर मी तिला आठवडाभर चिडवलं असतं.

मी शेजारी टेकले. मावशी, जेवलात का, वगैरे विचारलं. त्या ऐकत होत्या, पण त्यांचा उजवा पाय फरशीवर सारखा चालत होता. टाच खाली, चवडा खाली, टाच खाली, चवडा खाली. हात मांडीवर गप्प, मान ताठ, आणि पाय आपला एका लयीत चाललेला. मला वाटलं, औषधानं होत असेल.

गाणं संपलं आणि रेडिओत भोंगा आली. "दुपार झाली. कामं आटपली का?"

मावशींचा पाय थांबला. "कसली कामं," त्या रेडिओला म्हणाल्या. "बसूनच असते."

"मग बसा निवांत. जुनी गाणी घेऊन मी येतेच आहे."

"कधी येतेस?"

"लवकरच," रेडिओ म्हणाला. "ऐकत राहा."

"हो, ऐकतेय," मावशी म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून कौतुकानं सांगितलं की चार लोकांत बोलतेय म्हणून अहो-जाहो करते, सगळ्यांदेखत आईला अगं-तुगं कसं करणार, हुशार आहे पोर. मी हसले खरी. हा प्रोमो मीच लिहिला होता. मधल्या जागा मीच सोडल्या होत्या, कागदावर टिंबं टिंबं देऊन. त्या जागांत कुणीतरी खरंच बोलतं आणि सगळं इतकं नीट जुळतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी टिंबं खोडली असती.

मग मावशींनी माझं मनगट धरलं. हात एवढासा, पण पकड जबरदस्त. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिला एक सांगशील? पुढच्या दारानं येऊ नकोस म्हणावं. ही बाई तिथंच बसलेली असते."

मी विचारलं, कोण बाई.

"आहे एक. फार तयारीची आहे. ठमीचा स्वेटर घालते. ठमीसारखी कानामागे खाजवते. माझ्या गुडघ्यावर व्रण कशाचा, तेसुद्धा तिला माहीत आहे." त्यांनी दाराकडे पाहिलं. "इतकं सगळं हिला कुणी सांगितलं असेल गं? ठमीनं सांगितलं असेल, तर ते तिनं ठमीकडून कसं काढून घेतलं असेल?"

स्वयंपाकघराच्या दारात भोंगा सुपाची वाटी घेऊन उभी होती. अंगात तो करड्या रंगाचा स्वेटर. सगळं ऐकलं होतं तिनं. खरं सांगते, एक क्षणभर, अगदी एकच क्षण, मीही तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग मला माझीच लाज वाटली.

ती पुढे आली, गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "आई, तोंड उघड. थोडं तरी. उघड तोंड, सूप गार होतंय." मी इतकी वर्षं तिचा आवाज ऐकतेय, पण हा आवाज कधी ऐकला नव्हता. सपाट, दमलेला, शेवटाला खाली पडणारा. तिनं हे वाक्य इतक्यांदा म्हटलं असणार की त्यातला सगळा रस निघून गेला होता. त्यात तिची काही चूक नाही. दिवसरात्र उठा, बसा, गिळा, पाय उचला करणाऱ्या माणसाचा आवाज असाच होतो. आणि मावशींचा पाय चालूच होता.

"अहो बाई," मावशी अदबीनं म्हणाल्या, "कशाला उगाच त्रास घेता?" आणि ओठ मिटले.

जिन्यापर्यंत ती मला सोडायला आली. म्हणाली, स्वयंपाकघरात असते तेव्हा बाहेरून माझाच आवाज येतो. आई त्याच्याशी हसून बोलते. परवा मला वाटलं, ही रेडिओतली एक दिवस खरंच दारात येऊन उभी राहणार. "मग मी कुठं जायचं?" तिनं विचारलं. मी तिला वेडी आहेस का म्हणून झापलं, आणि घाईघाईनं खाली उतरले, कारण मागे वळून पाहायचं माझं धाडस होईना.

यावरचा उपाय माझ्याच सुपीक डोक्यातून निघाला. मावशी रेडिओचं ऐकतात ना, मग रेडिओतूनच सांगू. दुसऱ्या दिवशी आम्ही रेकॉर्डिंग केलं. "आई, मी ठमी. घरात आहे ना, ती मीच आहे. तिच्या हातचं खा." हे काही स्टेशनवरून लावायचं नव्हतं, एक छोटा स्पीकर रेडिओच्या मागे लपवून तिथून वाजवायचं होतं. खाली संगीत नको, आवाजाला आम्ही जो भरीवपणा आणतो तो नको. खरी गोष्ट सांगायची, तिला कशाला पावडर-लाली. मधेच ती रडली. आणि इथं आम्ही आमच्या धंद्याला जागलो. गळा दाटून आलेला टेक आमच्याकडे सोन्याच्या मोलाचा. असा टेक कुणी टाकून देत नाही. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि तोच ठेवला.

तो वाजला तेव्हा मी तिथंच होते. मावशी मान वळवून ऐकत राहिल्या. पाय थांबला नाही. उलट भराभर चालायला लागला. 

"ही ठमी नाही," त्या म्हणाल्या. "ठमी माझ्याशी रडून कधी बोलत नाही." मग त्यांनी अगदी सावकाश स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली. "आता रेडिओतसुद्धा शिरलात तुम्ही? ठमीला काय केलंत?"

भोंगा तिथंच दारात उभी होती. मावशींनी उठून रेडिओचा प्लग उपटला, रेडिओचं तोंड भिंतीकडे केलं आणि वर चादर टाकली. त्या दिवसापासून रेडिओ बंद. होती नव्हती ती लेकही आम्ही त्यांच्याकडून काढून घेतली होती. नंतर पाणीसुद्धा नळाखाली ओंजळ धरून स्वतः प्यायच्या तेवढंच. एका संध्याकाळी डॉक्टर येऊन पाहून गेले आणि म्हणाले, परवा सकाळी गाडी पाठवतो.

म्हणजे आमच्या हातात एकच दुपार उरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मी दुपारच्या गाण्यांचा नवा प्रोमो लिहिला. या वेळी स्टेशनवरूनच जायचा, खाली संगीत घालून, रोजच्या वेळेला, रोजच्या थाटात. आमचे नवे साहेब दारात डोकावून म्हणाले, जरा दम आणा, एनर्जी आणा, मरगळ नको. मी त्यांना भीक घातली नाही. प्रोमो असा होता: "दुपार झाली. जेवण झालं का? नसेल, तर आधी ते. समोर जे कुणी वाढतंय ना, त्याच्या हातचं खाऊन घ्यायचं. मीच सांगितलंय. गाणी आहेतच. आणि मी येतेच आहे."

सफरचंद चावून झालं, हेडफोन सरकवून झाला, आणि तिला काही केल्या जमेना. पहिला टेक विनवणी झाला. दुसरा समजूत. त्यानंतरचे सगळे दवाखान्याचा वास मारत होते. प्रत्येक वेळी त्यात एक आजारी म्हातारी बसलेली ऐकू येत होती, आणि तिला कुणीतरी घाबरत घाबरत चुचकारत होतं. सगळ्या शहराशी बोलणारी बाई, आणि तिला स्वतःच्या आईशी दोन वाक्यं बोलता येईनात. शेवटी माझं डोकं फिरलं. मी उठले, दार ढकलून आत गेले आणि स्टुलाकडे बोट करून विचारलं, आज मला सांगच, इथं बसतं कोण.

ती खाली बसली आणि सांगितलं. ते स्टूल आईच्या शिलाई मशीनचं. मशीन गेलं, स्टूल राहिलं. शाळेतून आली की ही मशीनशेजारी उभी राहून दिवसभराचं सांगायची. आई वर बघायची नाही, बघून परवडायचंच नाही, नजर कापडावर आणि पाय खाली मशीनच्या पॅडलवर चाललेला. रटाळ काही सांगितलं की पाय चालतच राहायचा. रडगाणं गायलं तरी चालतच राहायचा. पण गोष्ट बरोबर सांगितली, बरोबर जागी थांबून, बरोबर उचलून, की पाय थांबायचा. खोलीत एकदम शांतता व्हायची. "पाय थांबला की समजायचं, आई ऐकतेय," ती म्हणाली. "मी आयुष्यभर तेवढंच करतेय."

मला खिडकीशी चालणारा तो पाय आठवला आणि मी दाराला टेकून उभी राहिले. मग चिडूनच म्हटलं, चिडल्याशिवाय मला रडू आवरलं नसतं, "अगं मग त्या मशीनवरच्या आईशी बोल ना. घरातल्या म्हातारीशी कशाला बोलतेस?"

"तिला काय सांगू? तिला तर काहीच झालेलं नाही."

"तेच तर. तिला काही झालेलं नाही. ती शिवत बसलीय. तुला बाहेर जायचंय, आणि घरी एक बाई येणार आहे, तिच्या हातचं खाऊन घे, एवढंच सांगायचंय. सांग आणि पळ."

मी बाहेर आले. ती उठली, स्टुलाच्या पुढ्यातल्या फरशीकडे बघितलं, आणि तिच्या खांद्यांतलं काहीतरी सैल झालं. मी खूण केली. आता जे सांगते त्याची मला शपथ घ्यायला लावू नका. त्या खोलीत पहिल्यापासून एक बारीक घरघर आहे, हेडफोन लावला की ऐकू येते. मी किती इंजिनिअर आणले, किती तारा बदलून घेतल्या, गेली नाही. आम्ही हात टेकले आणि तिची सवय करून घेतली. त्या सकाळी भोंगा म्हणाली, "दुपार झाली," आणि एक जागा सोडली, आणि म्हणाली, "जेवण झालं का?" आणि ती घरघर थांबली. हेडफोनमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. प्रोमो संपेपर्यंत ती शांतता तशीच होती. मग भोंग्यानं मान हलवली.

"हा घे," ती म्हणाली.

घरघर पुन्हा सुरू झाली. एसी असेल. एसीच असणार.

साहेबांना ऐकवला. त्यांनी विचारलं, ही नक्की कुणाशी बोलतेय. मी म्हटलं, श्रोत्यांशी. ते पॅसेजमध्ये गेले आणि फोनवर कुणाला तरी जेवलीस का म्हणून विचारताना मी त्यांना ऐकलं.

दुपारी आम्ही दोघी तिच्या घरी होतो. मावशी खिडकीशी, चेहरा निम्मा झालेला, पाय मात्र चाललेला. मी माझा छोटा रेडिओ पिशवीतून काढला. त्यांनी हात आखडून घेतला. म्हणाल्या, रेडिओ नको, त्यात ती बाई शिरलीय. मी म्हटलं, "मावशी, हा ऑफिसातला आहे. यात बाहेरचं कुणी शिरत नाही. ठमीनं निरोप ठेवलाय, तेवढा ऐका." त्यांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. मी आयुष्यात इतकी सरळ मान ठेवून कधी बसले नसेन. मग त्यांनी मान डोलावली.

भोंगा भिंतीला टेकून बसली होती, वाटी दोन्ही हातांत धरून. तिनं श्वाससुद्धा जपून घेतलेला. गाणं काही संपता संपेना. मावशींची टाच खाली, चवडा खाली. जीव नुसता टांगणीला लागला होता.

गाणं संपलं.

"दुपार झाली," ठमी म्हणाली.

पाय थांबला.

"जेवण झालं का?"

"नाही बाई," मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे एकदम भरून आले. "कुठं होतीस इतके दिवस?"

"नसेल, तर आधी ते. समोर जे कुणी वाढतंय ना, त्याच्या हातचं खाऊन घ्यायचं. मीच सांगितलंय."

मावशींनी मान वळवून भिंतीशी बसलेल्या आपल्या लेकीकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं, स्वेटर, हात, वाटी. रेडिओ गाणी आहेत म्हणाला, येतेच आहे म्हणाला, आणि दुसरं गाणं लागलं. त्या पाहतच होत्या.

"तिनं पाठवलंय होय तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मग आधी सांगायचं नाही का?" आणि तोंड उघडलं.

भोंग्यानं घाईघाईनं पुढे केलेला पहिला चमचा निम्मा सांडला. मावशींनी स्वतःच रुमालानं हनुवटी पुसली आणि सावकाश होऊ दे, घाई नाही, म्हणून तिलाच धीर दिला. दुसरा चमचा गेला. तिसरा गेला. मी उठून खिडकीबाहेर बघत उभी राहिले, कारण मला दुसरीकडे बघायला जागा नव्हती. डॉक्टरांना फोन करून गाडी नको म्हणून सांगायचं, एवढंच मी मनात घोकत होते.

"तिनं सांगितलंय म्हणून खातेय हं," मागून मावशी म्हणाल्या. "ती आली की तुम्ही निघायचं."

"हो," भोंगा म्हणाली. "ती आली की मी निघते."

बराच वेळ नुसता चमच्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. मावशींना काहीतरी सुचलं होतं. मी वळून पाहिलं तर त्यांनी भरलेला चमचा हातानं अडवून धरला होता, आणि चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

"पण तुम्ही तर दिवसभर इथंच असता," त्या म्हणाल्या. "मग तुमच्या आईला कोण भरवतं?"

भोंग्यानं चमचा वाटीत ठेवला. मला वाटलं, आता ही कोसळणार. पण ती खाली फरशीकडे बघत होती, मावशींच्या पायाकडे, आणि पाय थांबलेला होता.

"आहे एक बाई," ती म्हणाली. "आईला ती परकीच वाटते. पण हल्ली खाते दोन घास तिच्या हातचे."

मावशींनी थोडा विचार केला. मग तिच्या मनगटावर हात ठेवला.

"खात जा म्हणावं," त्या म्हणाल्या. "आणि त्या बाईला घालवू नका म्हणावं, आपलं माणूस येईपर्यंत."